चूक दिसेपर्यंत

जनूकाका तांडेल गाडीचं बॉनेट उघडण्याआधी गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायचे, आणि गिऱ्हाइकाला नेमका तिथेच राग यायचा. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बंद पडलेल्या वजनकाट्याच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. समोरून दिवसभर टँकर जायचे. वारा फिरला की डोळे चुरचुरायचे. अशा जागी बसून बोलायला कोणी आलेलं नसायचं.

"मिस्त्री, गाडी मधेच झटके देते. बघा जरा."

"आता देते काय?"

"आता नाही देत."

"मंग आता मी काय बगू? बस. सांग."

मग प्रश्न सुरू व्हायचे. सकाळी की दुपारी? टाकी भरलेली की तळाला? चढावर की उतारावर? बंद पडल्यावर किती वेळाने लागते? गाडीत कोण होतं, कोण कुठे बसलं होतं? कानावरची पेन्सिल काढून काका हे सगळं शाळेच्या चौकडीच्या वहीत लिहायचे. प्रत्येक गाडीला एक पान. माणूस वैतागून म्हणायचा, "अहो, प्लग बदलून टाका ना!" काका शांतपणे सांगायचे, "प्लगनं काय केलाय तुजा?"

एकदा एक टँकरवाला ओरडला, "चाचा, जल्दी करो ना, शिफ्ट निकल जायेगी." काका म्हणाले, "जल्दी है तो उतर के धक्का मार." तो हसला, खाली उतरला आणि खुर्चीत बसला.

नव्या गाड्या त्यांच्याकडे येत नसत. त्यांना तपासायला वायर जोडली की पडद्यावर बिघाडाचा आकडा येतो. काकांकडे यायच्या त्या जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्या, ज्यांच्या पोटात काय होतंय ते सांगणारं कोणी नाही. त्यातही ज्या कधी नीट चालतात आणि कधी नाही, त्या तर इतर गॅरेजं हात जोडून काकांकडे पाठवत. सरळ बंद पडलेल्या गाडीत काकांना रस नव्हता. "ती सांगते, मी मेले. तिला कोन बी बगेल," ते म्हणायचे. "ही बग, चार दिस बरी, एक दिस आजारी. आन आजारी असते तवा जवळ कोन नाय. हिच्याजवळ बसायला पायजे."

आणि ते खरोखर बसायचे. गाडी स्वतः चालवत उमरोळीपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. शेजारच्या सीटवर वही. एकटे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. रस्त्याच्या कडेला, काचा वर केलेल्या एका जुन्या गाडीत डोळे मिटून बसलेला साठीचा काळा, किडकिडीत माणूस. इंजिन चालू होतं. मला वाटलं, म्हातारा गेला. मी काचेवर टकटक केली. त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. गप्प रहा.

शेडच्या खिडकीत लोणच्याची एक काचेची बरणी होती. तिला ते कोठडी म्हणायचे. पकडलेले गुन्हेगार त्यात ठेवलेले असत. केसाइतकी तुटलेली तार. गांधीलमाशीने टाकीच्या झाकणात बांधलेलं मातीचं घर. डब्याच्या बुचाला असतो तसा प्लास्टिकचा एक तुकडा, नखाएवढा. हा तुकडा एका कंपनीतल्या साहेबांच्या गाडीतला. साहेबांनी दोन गॅरेजात प्लग, कॉइल, पंप, सगळं बदलून घेतलं होतं. तरी गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळाली की गुदमरायची आणि पाच मिनिटं उभी केली की पुन्हा सुरळीत. काका तीन दिवस त्यांच्याबरोबर चिंचणीपर्यंत फिरले. चौथ्या दिवशी टाकी उतरवली. तुकडा पेट्रोलमध्ये तरंगत होता. गाडी पळाली की ओढला जाऊन नळीच्या तोंडाला चिकटायचा, थांबली की सुटायचा.

"एवढ्याशानं?" साहेब म्हणाले.

"मोठा असता तर पैल्याच दिशी दिसला असता."

ही गोष्ट मला सांगताना काकांनी बरणी उजेडात धरून फिरवली आणि म्हणाले, "नीट बग. यात माणूस एक बी नाय."

तेव्हा मला ते वाक्य म्हाताऱ्याची गंमत वाटलं.

माझं वाढणं वेगळ्या कोठडीतलं. माझे बाबा औद्योगिक वसाहतीत कामगार होते आणि कामगार संघटनेची पत्रकं लिहीत. आमच्या भाड्याच्या खोलीत गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांवर गिरवली. 'धिक्कार असो' मला 'आगगाडी'च्या आधी लिहिता येत होतं. बाबा गेल्यावर पत्रकं मी लिहू लागले. त्याची मला आजही लाज नाही. ज्या माणसाची बोटं यंत्रात गेली आणि ज्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं, त्याच्यासाठी कोणीतरी ओरडायलाच हवं. पण पत्रकाची एक सवय असते. त्यात शंका नसते. पहिल्या ओळीलाच गुन्हेगार ठरलेला असतो आणि शेवटी उद्गारचिन्ह.

काका मला 'पत्रकवाली' म्हणायचे. मी गठ्ठा घेऊन शेडवर गेले की एक पत्रक मागून घ्यायचे, शेवटपर्यंत वाचायचे आणि म्हणायचे, "लय गरम हाय. पानी घाल जरा." मग त्यावर नटबोल्ट काढून ठेवायचे. मला राग यायचा. पण चहा ते स्वतः करायचे, आणि दोन कप विसळून एकात ओतायचे. दुसरा तसाच पालथा घालायचे. मी आले की तो सरळ व्हायचा. एरवी तो कोणासाठी विसळलेला असायचा, ते मी कधी विचारलं नाही.

ते शेडमागच्या खोलीत एकटे राहत. मूळचे मुरब्याचे. मुरबं हे मच्छीमारांचं गाव तिथून एका रिक्षेच्या अंतरावर, पण ते तिकडे जात नसत. बोईसरच्या मासळीबाजारात मुरब्याच्या बायका एका अंगाला बसतात, सातपाटीच्या दुसऱ्या. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. काका दारातून शिरले, मुरब्याच्या रांगेला पाठ होईल असे भिंतीकडून वळले आणि सातपाटीच्या टोपल्यांपाशी गेले. मी म्हटलं, "काका, इकडे मांदेली ताजी दिसतात." ते म्हणाले, "तिकडची महाग." मी वळून पाहिलं. मुरब्याच्या रांगेतली एक पांढऱ्या केसांची बाई हातातला कोयता थांबवून त्यांच्या पाठीकडे बघत होती. काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, इतकंच.

आता आमच्या गाडीची गोष्ट. कारण ती आली नसती तर जनूकाका माझ्या लेखी एक विक्षिप्त मिस्त्रीच राहिले असते.

पालघरच्या एका निवृत्त डॉक्टरांनी संघटनेला आपली जुनी, सायीच्या रंगाची गाडी दिली होती. माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिच्यातून आम्ही पत्रकं न्यायचो, भोंगा न्यायचो, सुनावणीला माणसं पालघरला न्यायचो. चालवायचा वसंत. मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा, तेवीस-चोवीस वर्षांचा, लांबच लांब तंगड्यांचा पोरगा. घरची पावसावरची एवढीशी जमीन. तो बोलायचा कमी, वेळेवर यायचा, आणि काही जपून ठेव म्हटलं की ठेवायचा.

गेट सभा म्हणजे शिफ्ट सुटताना कंपनीच्या दारात उभं राहून बोलायचं. मिळतात पंधरा मिनिटं. बस निघाली की माणसं गेली. अशा तीन सभांना आमची गाडी पोचली नाही. तिन्ही वेळा वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर तिने झटके दिले आणि ती मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. तिन्ही वेळा चालवत होता वसंत. मधल्या दोन फेऱ्या आमचे जुने कार्यकर्ते दत्ताभाऊ यांनी केल्या. त्याच रस्त्याने, तीच गाडी, तोच भोंगा. एक झटका नाही.

त्यात कोणीतरी वसंतला कंपनीच्या ठेकेदाराच्या माणसाबरोबर चहा पिताना पाहिलं.

बैठकीत दत्ताभाऊंनी त्याच्याकडून चाव्या काढून घेतल्या. वसंत उभा राहिला. म्हणाला, "मी काय केला ता सांगा तरी." कोणी सांगितलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी तरी सांगा." मी कागदांकडे बघत राहिले. कारण पत्रक मी आदल्याच दिवशी लिहून दिलं होतं. 'घरभेदी ओळखा!' नाव नव्हतं. 'डोंगरातून आलेला आमचा एक चालक' इतकंच होतं. आमच्याकडे चालक एकच होता.

चाव्या घेतल्यावर गाडी महिनाभर नीट चालली. आमच्या दृष्टीने तो पुरावा पुरेसा होता.

दत्ताभाऊंना मात्र दुसरं पत्रक काढायचं होतं, आणि त्यासाठी मिस्त्रीची चिठ्ठी हवी होती की गाडीत कोणीतरी मुद्दाम बिघाड केला होता. म्हणून आम्ही ती जनूकाकांकडे नेली.

काकांनी खुर्च्या दिल्या. "चिठ्ठी पायजे का गाडी बरी पायजे?"

"काका, गाडी बरीच आहे," दत्ताभाऊ म्हणाले. "माणूस काढला, गाडी सुधारली. तेवढंच लिहून द्या."

"गाडीनं सांगला?"

"म्हणजे?"

"मला ती काय बोलली नाय अजून. ठेवून जा, पुढारी. बोलली की लिवतो."

दत्ताभाऊ तणतणत गेले. मी थांबले, आणि काकांनी वही उघडली. पहिला झटका कुठे? मी सुरू केलं, "त्या दिवशी व्यवस्थापनाने आधीच—" काका म्हणाले, "भाषन नको. किती वाजले होते?"

दोन तास ते विचारत होते. मला पहिल्यांदा कळलं की जे मी छापून वाटलं होतं, त्यातलं मी काहीच पाहिलेलं नव्हतं. झटका बसला तेव्हा वसंतचा पाय कुठे होता? माहीत नाही. दिवे लागलेले होते? माहीत नाही. मग मला माहीत काय होतं? तो दोषी होता, हे.

काकांनी एक छोटा बल्ब घेतला, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला वीज नेणाऱ्या तारेला जोडला आणि लांब वायरने काचेपाशी टांगला. "गाडी दोन गोष्टींवर जगते. पेट्रोल आन ठिणगी. झटका आला की दिव्याकडं बगायचा. दिवा जळतोय तर पेट्रोलचा घोळ. विझला तर विजेचा. अर्धं जग बाजूला झाला." एवढं साधं. मी म्हटलं, "आणि कोणी मुद्दाम केलं असेल तर?" काका म्हणाले, "ता मागनं. आदी काय झाला ता, मंग कोनी केला ता."

आठ दिवस ते गाडी घेऊन फिरले. पाच दिवस मी बरोबर होते. दिवा जळत राहिला. गाडी गाणं म्हटल्यासारखी चालली. मी मनातून खूश होत होते, हे इथे लिहायलाच हवं. नवव्या दिवशी काका म्हणाले, "त्या पोराला बोलव. गाडी त्याच्या हातात बिगडते, तर त्याच्याच हातात कळनार."

"तो निघून गेला, काका. फोन लागत नाही."

काकांनी वहीचं पान उलटलं. "मंग तो चालवायचा तवा गाडीत जे जे होता ता सगला आन. एक बी वस्तू सोडू नको."

मी आणलं. पत्रकांचे गठ्ठे मागे ठेवले. भोंगा. पाण्याची स्टीलची बाटली. वसंत सीटवर घडी करून ठेवायचा ते गोणपाट, ते अजून डिकीतच होतं. काकांनी सीट त्याच्या पायांच्या मापाने मागे सरकवली आणि गोणपाटावर बसले. आम्ही निघालो. दिवा जळत होता. गाडी चालत होती. वसाहतीचा आतला रस्ता टँकरांनी उखडलेला. आम्ही सगळे खड्डे खाल्ले. काही नाही.

काकांनी गाडी कडेला घेतली. "डोळे मीट. तो गाडीत बसतोय. काय ऐकू येतं?"

मी डोळे मिटले. दार. गोणपाट. मग खळखळ. चाव्यांची खळखळ. गाडी चालताना त्याच्या गुडघ्यावर चाव्या आपटत राहायच्या, आणि सभेच्या धास्तीत मला त्या आवाजाचाही राग यायचा.

"चाव्या," मी म्हटलं. "त्याच्याकडे मोठा जुडगा होता."

"आन दत्ता?"

"दत्ताभाऊंकडे गाडीची एकच जादा चावी आहे. ही. तुम्हाला दिली ती."

जुडगा कार्यालयातल्या खिळ्याला टांगलेला होता. मी तो आणला. गाडीची चावी, कार्यालयाच्या दोन, कपाटाची, कागदपत्रांच्या ट्रंकेची, भोंग्याच्या पेटीची, सायकलची, सभागृहाची... अकरा चाव्या एका जाड लोखंडी कडीत. काकांनी तो तळहातावर तोलला, काही न बोलता गाडीच्या कुलपात चावी घातली आणि निघाले.

दुसऱ्याच मोठ्या खड्ड्यात जुडगा झोका घेऊन काकांच्या गुडघ्यावर आपटला. दिवा मिचकावला. गाडीला झटका बसला. पुढच्या खड्ड्यात दिवा विझला आणि इंजिन मेलं.

मला वाटलं, काका ओरडतील, हसतील. त्यांनी गाडी पुन्हा लावली आणि उभ्या जागी इंजिन चालू ठेवलं. दोन बोटांनी जुडगा उचलून धरला. दिवा स्थिर. सोडून हलवला. दिवा फडफडला, इंजिन अडखळलं. पुन्हा उचलला. पुन्हा सोडला. मला दिसेपर्यंत.

"आतला स्विच झिजलाय. एक चावी असली तर काय नाय. एवढं वजन लोंबलं की आतली टोकं सुटतात." मग म्हणाले, "एवढ्या चाव्या त्याला कोनी दिल्या?"

"आम्हीच."

"का?"

"विश्वासाचा माणूस होता म्हणून."

काकांनी इंजिन बंद केलं. बाजूने शिफ्टची बस गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी झिजलेला स्विच काढला, पण बरणीत टाकला नाही. रुमालात बांधला. "चल, त्याच्या घरी जाऊ."

वसंतच्या पाड्यावर त्याची आई भेटली. नाचणी वाळत घालत होती. वसंत टोळीबरोबर गुजरातेत कामाला गेला होता. कुठे, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. काका जमिनीवर बसले. रुमाल सोडला. स्विच, जुडगा, बल्ब तिच्यापुढे मांडला आणि कोर्टात साक्ष द्यावी तसं तिला सगळं समजावून सांगू लागले: हा असा हलतो, मग आत असं होतं, तुझ्या पोराने काही केलेलं नाही. ती ऐकत होती. हात नाचणीत होता. काकांचं झाल्यावर म्हणाली, "ता मला कशाला दाखवतोस, बाबा? आमी कवा म्हटला, त्यानं केला म्हणून?"

काकांनी स्विच पुन्हा रुमालात बांधला. मी तर उभीच होते. बसायचा हक्क मला नव्हता.

परत येताना मी गाडीतच दुसरं पत्रक लिहायला घेतलं. संध्याकाळी शेडवर काकांना वाचायला दिलं. त्यांनी पेन्सिल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक दुरुस्त केलं. 'अक्षम्य', 'घोर', 'अंतःकरणपूर्वक' हे सगळं खोडलं. "हे तुला दिसला काय? मंग काढ." उरलं ते असं: गाडी चाव्यांच्या वजनाने बंद पडत होती. चाव्या आम्ही दिल्या होत्या. वसंतने काही केलं नव्हतं. आधीचं पत्रक मी लिहिलं होतं. खाली माझं नाव.

दत्ताभाऊ म्हणाले, याने चळवळीचं नुकसान होईल. मी म्हटलं, झालेलं आहे. पत्रक मी माझ्या नावावर छापलं आणि त्याच तीन गेटांवर वाटलं. आधीचं लोकांनी हिसकून घेतलं होतं. हे बऱ्याच जणांनी घेतलं नाही. घेतलेल्यांपैकी काहींनी तिथेच टाकलं. काका शेवटच्या गेटवर आले होते. खाली पडलेली पत्रकं त्यांनी वाकून वाकून उचलली, मांडीवर सरळ केली आणि माझ्या गठ्ठ्यात परत ठेवली. "उद्या बी वाट," म्हणाले. त्या पत्रकांवर त्यांनी नटबोल्ट ठेवले नाहीत.

त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, मुरब्याला का जात नाही.

ते सहज बोलले. इतक्या सहज की जणू वहीचं पान वाचत होते. ते पूर्वी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. अख्ख्या मुरब्यात. एका बोटीचं इंजिन त्यांनी उघडलं, साफ केलं, लावून दिलं. दुसऱ्या दिवशी ती बोट बाहेर गेली आणि खोल पाण्यात बंद पडली. वारा होता. दोन दिवस बोट वाहत गेली. एक माणूस लाटेने घेतला. काकांच्या बहिणीचा नवरा.

"बोट ओढून बंदरात आनली. मी दोरी मारली. पैल्या झटक्यात लागलं इंजिन." काका बोटांना लागलेलं काळं चिंधीने पुसत होते. "सगला गाव उभा होता. पैल्या झटक्यात. सात म्हयने मी ते इंजिन खोलत होतो, लावत होतो. एकदा बी बंद नाय पडला. मंग मालकानं बोट विकली, वरती गुजरातला."

"आणि गाव?"

"गाव काय बोलनार? जन्यानं हात लावला होता, येवढा खरा ना?"

मासळीबाजारातली ती पांढऱ्या केसांची बाई कोण, ते मला तेव्हा कळलं.

मी पेटले. माझा स्वभावच तो. म्हटलं, "काका, मी लिहिते पत्रक. मुरब्यात घरोघर वाटते. वसंतचं लिहिलं तसं. तुमची चूक नव्हती म्हणून."

"तुला दिसला काय?"

"तुमचं काम मला माहीत आहे."

"ता नाय विचारला. दिसला काय, काय झाला ता?"

"नाही."

"मला बी नाय दिसला." त्यांनी बरणी खिडकीतून उचलली आणि वसंतच्या गाडीचा स्विच आत टाकला. तो तळाशी जाऊन वाजला. "वसंताचं आपन दाखवू शकतो. माजं काय दाखवू? माजी चूक होती असं बी बोलता येत नाय, नव्हती असं बी नाय. मंग गप बसायचा. छापायचा नाय."

मी वाद घातला असता. पण ते उठून चहा ठेवायला गेले आणि दोन कप विसळू लागले.

पुढे रस्ता रुंद झाला, वजनकाट्यासकट शेड गेली. काकांनी उमरोळीला एक खोली घेतल्याचं कळलं. वसंत परत आला नाही. त्याच्या आईकडे मी दर दोन महिन्यांनी जाते. ती मला आता बसायला सांगते. जुडगा माझ्याकडे आहे. कार्यालयाची कुलपं बदलली तरी मी तो टाकलेला नाही.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, सातपाटीच्या धक्क्यावर. मी तिथे सह्या गोळा करायला गेले होते. दुपार कलली होती, भरती चढत होती. सातपाटी आणि मुरबं यांच्यामध्ये फक्त खाडी. पलीकडची घरं, वाळत घातलेले बोंबील, अंगणातली माणसं इथून दिसतात. एक होडी माणसं घेऊन या काठावरून त्या काठावर जा-ये करत होती. धक्क्याच्या टोकाला काका बसले होते. मी हाक मारणार होते. मग त्यांचे डोळे मिटलेले दिसले आणि मला ते वर केलेलं बोट आठवलं. मी दहा पावलं मागेच थांबले.

भरतीबरोबर मुरब्याच्या बोटी घरी येत होत्या. एकामागून एक इंजिनांचे आवाज जवळ यायचे आणि पलीकडे जाऊन थांबायचे. चौथी की पाचवी बोट खाडीच्या तोंडाशी आली तेव्हा तिच्या आवाजात मधेच एक ठोका चुकला. एकच. माझ्या लक्षातही आलं नसतं. पण काकांनी डोळे उघडले, मांडीवरची वही उलगडली, कानावरची पेन्सिल काढली आणि काहीतरी लिहिलं. मग मान पुढे काढून वाट पाहिली. इंजिन नीट चालत राहिलं. बोट पलीकडे लागली, आवाज थांबला.

होडीवाला ओरडला, "काका, येता काय? शेवटची फेरी हाय!"

काकांनी नुसता हात हलवला. होडी गेली. त्यांनी वहीचं पान वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तळहात ठेवला, आणि पुढच्या बोटीकडे कान दिला.